दोघांची पुस्तकं, एक कपाट आणि वाटीभर खळ

प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला दीड वर्ष झालं. दोघांची पुस्तकं आता एकाच कपाटात आहेत. त्यांतली तीसेक मोडकळीला आलीत. काहींची पानं सुटलीत, काहींचा कणा उघडा पडलाय, जुन्या दिवाळी अंकांच्या पिना गंजल्यात आणि आईकडून आलेलं स्वयंपाकाचं पुस्तक तेलकट होऊन फाटलंय. बाइंडरकडे टाकण्यापेक्षा रविवारी दोघांनी मिळून ती दुरुस्त करायची आहेत. साहित्य काय लागेल, सुरुवात कुठून करावी आणि काय करू नये?

एका रविवारी दोन पुस्तकं नीट होतात, जास्त नाही. कारण या कामात हात चालवण्यापेक्षा वाळण्याची वाट बघणं जास्त असतं. म्हणजे तीस पुस्तकांना पंधरा-सोळा रविवार. दिवाळी आटोपल्यावर सुरू करा, होळीच्या आत संपेल. पावसाळ्यात हे काम काढू नका. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की खळ दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर राहिलेल्या पानावर बुरशी धरते. उलट, हीटर चालणाऱ्या परदेशातल्या घरात हिवाळ्यात खळ फार लवकर सुकते आणि पुठ्ठे वाकतात. तिथे लावण्याचं काम झटपट करून पुस्तक लगेच वजनाखाली घालावं लागतं.

एक तत्त्व आधी पक्कं करा: दुरुस्ती नेहमी मूळ कागदापेक्षा थोडी कमजोर असावी. पान ओढलं गेलं तर तुम्ही लावलेली कागदी पट्टी सुटावी, मूळ कागद फाटू नये. सेलोटेप नेमकी याच्या उलट वागते. टेप कागदापेक्षा भक्कम असते, म्हणून पान टेपच्या कडेला घडी घालून तिथेच नव्याने फाटतं. शिवाय तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, तो कधीच पूर्ण निघत नाही. चकचकीत, भक्कम दुरुस्तीचा मोह दोघांपैकी एकाला हमखास होतो. दुसऱ्याने त्याचा हात धरावा.

आधी वर्गवारी

सगळी तीस पुस्तकं जमिनीवर चादर टाकून मांडा आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानाचा खालचा कोपरा, जिथे मजकूर नाही तिथे, हलक्या हाताने एकदा पुढे आणि एकदा मागे दुमडून बघा. कोपरा तुटून हातात आला तर ते पुस्तक शिवायचं नाही. सुई-दोऱ्याच्या ताणाने त्याची पानं भोकांपाशी तिकिटासारखी फाटतील. स्वस्त लगद्याच्या कागदात लिग्निन असतं, ते हवा-उजेडाने तपकिरी पडतं आणि त्यातलं आम्ल धागे तोडत राहतं. ही झीज खळीने थांबत नाही. अशा पुस्तकाला मापाची पुठ्ठ्याची पेटी करून त्यात ठेवा आणि वाचायला दुसरी प्रत घ्या.

उरलेल्यांचे ढीग करा. नुसती फाटलेली पानं एकीकडे, पिनांचे अंक दुसरीकडे. कण्यावर फक्त गोंद लावलेली, म्हणजे ‘परफेक्ट बाइंडिंग’ची, सुट्या पानांची पुस्तकं तिसरीकडे. आणि जुजबंदीची, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवलेली पुस्तकं चौथीकडे. ओळखायचं कसं? पुस्तक वरच्या कडेने बघा. कण्यापाशी दुमडलेल्या कागदांचे छोटे छोटे गठ्ठे दिसले तर फर्मे आहेत. सरळ कापलेल्या पानांची सपाट रांग दिसली तर नुसता गोंद. दोन्ही पुस्तकं बाहेरून सारखीच दिसतात, पण दुरुस्ती पूर्ण वेगळी.

एकाच पुस्तकाच्या दोघांच्या दोन प्रती निघतील. निघतातच, कारण आवड जुळली म्हणून तर लग्न झालं असतं. त्यातली जिच्यावर सही, तारीख किंवा समासात लिहिलेलं काही आहे ती जशीच्या तशी ठेवा, फक्त सुटलेलं सांधा. दुसरी वाचायची, प्रवासाची प्रत. नवशिक्या हाताचा पहिला प्रयोग हिच्यावर करायचा.

शिळाप्रेसची (दगडावरून छापलेली) पुस्तकं, हस्तलिखितं, सुट्या आडव्या पानांच्या पोथ्या यांना घरी हात लावू नका. पोथी शिवायची तर अजिबात नसते. पानांच्या मापाच्या दोन फळ्या खाली-वर ठेवून धुतलेल्या सुती रुमालात बांधली की झालं. नाजूक हस्तलिखितासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या, जतनाचं काम जाणणाऱ्या ठिकाणी विचारा.

खळ: कुरडईचाच चीक, मीठ-हिंगाशिवाय

जगभरचे कागद-जतनाचे कारागीर गव्हाचा शुद्ध स्टार्च शिजवून वापरतात. आपल्याकडे कुरडयांसाठी जो चीक काढतात तोच हा पदार्थ. त्याची पकड चांगली असते, तो वाळल्यावर लवचीक राहतो, आणि पन्नास वर्षांनी कुणाला सोडवायचं झालं तर ओलसर बोळ्याने सुटतो. फेविकॉलसारखा पांढरा गोंद सुटत नाही. म्हणून तो पानांना कधीच लावायचा नाही. त्याची जागा पुढे सांगतो.

कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, त्यात पाणी आंबतं. कागदाला ते आंबटपण नको, म्हणून मैद्याची वाट धरा. दोन वाट्या मैदा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मोठ्या पातेल्यात चार-पाच वाट्या पाणी घेऊन त्यात हा गोळा पिळत, चोळत धुवा. पाणी दुधासारखं होईल आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरेल. तो गोळा म्हणजे गव्हातलं प्रथिन, ग्लूटेन. खळीत तेच राहिलं तर ती लवकर सडते, वाळल्यावर कडक होते आणि झुरळांना आमंत्रण देते. नुसता मैदा शिजवून केलेली खळ आणि ही खळ यांत फरक एवढाच, पण महत्त्वाचा. दुधाळ पाणी मलमलीतून गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वरचं पाणी ओतून टाका, नवं पाणी घालून ढवळा, पुन्हा बसू द्या, पुन्हा ओता. तळाचा पांढरा साका ताटात पसरून पंख्याखाली वाळवला की पूड होते. कोरड्या बरणीत ती महिनोन्‌महिने टिकते.

शिजवायचं प्रमाण: पाव वाटी पुडीला सव्वा वाटी पाणी. आधी अर्धा तास भिजत ठेवा. मग एका पातेल्यात उकळतं पाणी आणि त्यावर दुसरं छोटं पातेलं, अशा रचनेत लाकडी उलथन्याने सतत ढवळत वीस ते पंचवीस मिनिटं शिजवा. आधी ती एकदम घट्ट होते आणि वाटतं झालं. तिथे थांबू नका. पांढरेपणा जाऊन काचेसारखी अर्धपारदर्शक झाली आणि उलथन्यावरून जाड पडद्यासारखी घसरली की शिजली. कच्ची राहिलेली खळ लावताना बरी वाटते, पण वाळल्यावर भुरभुरून सुटते. ‘पट्टी चिकटलीच नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

गार झाल्यावर चहाच्या बारीक गाळणीतून चमच्याने दाबत दोनदा गाळा. मग लागेल तितकीच वाटीत काढून थेंब-थेंब पाणी घालत पातळ करा: फाटलेल्या पानाच्या पट्टीसाठी घट्ट ताकासारखी, कण्यासाठी श्रीखंडाहून थोडी सैल. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबट वास आला, गुलाबी-काळा ठिपका दिसला किंवा पाणी सुटलं की फेकून द्या. कॉर्नफ्लोअरची खळ होते, पण पकड कमी येते. घाईत एखाद्या पानापुरती चालेल.

मोरचूद घालू नका. जुन्या बाइंडरांच्या खळीत तो असायचा, किडीपासून संरक्षण म्हणून. तो विषारी आहे, घरात मूल असेल तर प्रश्नच मिटला. शिवाय त्यातलं तांबं कागदाला हळूहळू तपकिरी आणि ठिसूळ करतं. थोडी खळ, ताजी खळ आणि पूर्ण वाळवणं, हा कसरीवरचा त्याहून चांगला उपाय आहे.

फाटलेलं पान

पट्टीसाठी लांब धाग्यांचा, अगदी पातळ कागद लागतो. जपानी कोझो टिश्यू 6 ते 10 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅमचा) मिळाला तर उत्तम. नाही तर नेपाळी लोकता कागदातला सर्वांत पातळ प्रकार घ्या. जाड हातकागद कण्याच्या अस्तराला कामाला येतो. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था आहे, मुंबईत कागद-स्टेशनरीसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट. नाकाला लावायचा टिश्यू पेपर चालत नाही, त्याचे धागे आखूड असतात आणि ओला झाला की त्याचा लगदा होतो.

पट्टी कात्रीने कापू नका. फूटपट्टीलगत बारीक ओल्या ब्रशने रेघ ओढा आणि हलकेच ओढून फाडा, म्हणजे कडेला केसांसारखे धागे राहतात. ते पानात मिसळतात, कड दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. रुंदी साधारण 8 मिमी पुरे.

लावताना दोघं लागता. पान बेकिंगच्या न चिकटणाऱ्या कागदावर ठेवा. फाटलेल्या कडेवर पांढुरके, तिरके ओठ दिसतील. कुठला ओठ वर होता ते अक्षरं जुळवून ठरवा. उलट बसवलात तर ओळी अर्धा मिमी सरकतात आणि पान कायम फुगीर राहतं. एकाने दोन्ही बाजू जुळवून धरायच्या, दुसऱ्याने काचेवर पट्टीला खळ लावून चिमट्याने उचलून ठेवायची. वर पुन्हा बेकिंगचा कागद, त्यावर टिपकागद, त्यावर दोन-तीन किलो वजन. कागदात गुंडाळलेली वीट झकास. टिपकागद पंधरा मिनिटांनी बदला, मग तासाने बदला आणि रात्रभर तसंच राहू द्या. पहिला टिपकागद बदलायचा विसरलात तर पान लाटेसारखं वर-खाली होतं. वाळायला उन्हात ठेवू नका. ऊन कागद पिवळा करतं.

ओलं काही लावण्यापूर्वी शाईची परीक्षा घ्या. कापूस गुंडाळलेली काडी ओलसर करून एखाद्या टिंबाला टेकवा. छापील शाई सहसा टिकते, पण फाउंटन पेनच्या सह्या, वाचनालयाचे जांभळे शिक्के आणि ‘प्रिय … हिस वाढदिवसानिमित्त’ असल्या ओळी पसरतात. तिथे पट्टी मागच्या बाजूने, अगदी सुक्या खळीने, आणि अक्षरापासून दूर लावा.

आधीची सेलोटेप काढायची असेल तर हेअर ड्रायरच्या गरम हवेने गोंद सैल करून टेप पानाला जवळजवळ समांतर ठेवत, सावकाश मागे ओढा. वर उचललीत तर अक्षरंही सोबत येतील. उरलेला चिकटपणा कच्च्या रबराच्या, म्हणजे चपलेच्या क्रेप तळव्याच्या तुकड्याने चोळून निघतो. थिनर, पेट्रोल वापरू नका. शाई पसरते आणि घरात आगीचा धोका वेगळाच.

दिवाळी अंकांच्या पिना

मराठीत दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’च्या 1909 च्या अंकापासूनची आहे, आणि घरोघरी साठवलेल्या अंकांचा सर्वांत मोठा शत्रू गंजकी पिन. गंज कागदात उतरतो आणि पिनेभोवतीचा कागद खाऊन टाकतो. पिन बाहेरून ओढू नका. अंक मधोमध उघडा, पिनेचे पाय पातळ बोथट सुरीने सरळ करा, मग मागून उचला. गंजाची पूड कोरड्या ब्रशने झटका, ओल्याने नाही.

मधल्या घडीवर पिन असलेला (सेंटर पिन) अंक पाच भोकांनी शिवतात. घडी झिजली असेल तर बाहेरच्या आणि मधल्या पानाच्या घडीवर 12 ते 15 मिमीची टिश्यू पट्टी आधी लावून वाळू द्या. टोच्याने भोकं पाडताना अंक अर्धा उघडा धरा आणि टोक घडीच्या आतून बाहेर काढा. दोरा अंकाच्या उंचीच्या तिप्पट. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर, तिथून टोकाकडे धावदोरा घालत जा, परत येताना रिकाम्या राहिलेल्या जागा भरा, मधलं भोक ओलांडून दुसऱ्या टोकाकडे तसंच, आणि शेवटी मध्यावरच्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची टोकं घेऊन चौकोनी गाठ.

जाड अंकांना कडेने, वरून खाली आरपार पिना (साइड पिन) असतात. त्यांची जुनीच भोकं वापरून कडेवरून शिवण घाला. नवी भोकं पाडलीत तर कागद तिथे दुबळा होतो. या अंकांना कधीच पूर्ण उघडता येत नाही. मूळ रचनाच तशी आहे, त्याला तुमचा इलाज नाही.

गोंदाने धरलेली पानं सुटली तर

परफेक्ट बाइंडिंगमध्ये फर्म्यांच्या घड्या यंत्राने कापून टाकतात आणि गरम गोंद लावतात. तो जुना होऊन कडक झाला की कणा मधोमध ‘कट्’ करून तुटतो. त्या भेगेत पुन्हा गोंद ओतणं हा सर्वाधिक केला जाणारा चुकीचा उपाय. शेजारची भेग पुढच्याच महिन्यात पडते. सगळी पानं सोडवून नव्याने बांधा.

कव्हर काढून बाजूला ठेवा. जुना गोंद सोलून काढा, चिकटून राहिलेला भाग धारदार कटरने जास्तीत जास्त एक मिमीपर्यंत छाटा. पानं कण्याच्या आणि वरच्या बाजूने टेबलावर आपटून जुळवा. दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट धरा, कण्याकडचा तीनेक सेंटिमीटर भाग बाहेर ठेवून. आता एकाने तो भाग पत्त्यांसारखा एका बाजूला झुकवायचा, दुसऱ्याने पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यायचा. मग दुसऱ्या बाजूला झुकवून पुन्हा एक हात. यामुळे प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना अर्धा मिमी गोंद लागतो आणि पकड त्यावरच असते. लगेच सरळ करून कण्यावर मलमलीची पट्टी बसवा, दाबात बारा तास ठेवा. फेविकॉलची जागा ही, आणि कव्हरच्या पुठ्ठ्यावर. एकट्याने हे करताना पानं हटकून सरकतात, दोघांनी केलं तर दहा मिनिटांचं काम. गुळगुळीत आर्ट पेपरवर मात्र ही पकड टिकत नाही. तसलं पुस्तक बाइंडरकडे द्या आणि ‘कटिंग करू नका’ असं पुन्हा पुन्हा सांगा. सवयीने तीन बाजू कापून टाकतात, त्यात समासातली अक्षरं जातात.

जुजबंदी आणि ओटीचा खण

या भागात काम सर्वांत जास्त आणि मजाही. 256 पानांचं पुस्तक म्हणजे 16 पानांचे 16 फर्मे. जुना दोरा प्रत्येक फर्म्याच्या मधोमध कापून फर्मे एकेक वेगळे करा, कण्यावरची जुनी खळ ओलसर फडक्याने मऊ करून खरवडा. बाहेरच्या घड्या फाटल्या असतील तर टिश्यूने सांधा. वाळल्यावर क्रमाने लावा आणि पेन्सिलने आकडे घाला. हे टाळलंत की सातवा फर्मा नवव्यानंतर शिवला जातो, आणि ते तेराव्या फर्म्यावर लक्षात येतं.

दोरा लिननचा असेल तर उत्तम, नाहीतर क्रोशाचा सुती 20 नंबर, मेणाच्या वडीवरून दोनदा ओढलेला. दोरा किती जाड, यावर कण्याची फुगोटी ठरते. सोळा वेळा दोऱ्याची जाडी कण्याकडे जमा होते, कडेला होत नाही. जाड दोऱ्याने पुस्तक पाचरीसारखं होतं, फार बारीक दोरा घडी कापतो.

21.5 सेंमी उंचीच्या डेमी पुस्तकाला भोकांच्या जागा अशा: दोन्ही टोकांपासून दीड सेंमीवर एकेक, आणि मध्ये 1 सेंमी रुंदीच्या दोन सुती फितींच्या दोन्ही बाजूंना एकेक. एकूण सहा. फिती टेबलाच्या कडेला चिकटवून उभ्या ताणा. पहिला फर्मा ठेवा, सुई टोकाच्या भोकातून आत, फितीअलीकडून बाहेर, फितीवरून, पलीकडून आत, असं दुसऱ्या टोकाला बाहेर. दुसरा फर्मा वर ठेवून तसंच परत, आणि सुरुवातीला सोडलेल्या टोकाशी गाठ. तिसऱ्यापासून प्रत्येक टोकाला सुई खालच्या दोन फर्म्यांच्या मधून घालून साखळीचा वेढा घ्यायचा. दोरा ओढताना नेहमी कण्याच्या दिशेने, म्हणजे लांबीत ओढा. सरळ बाहेर ओढलात तर भोकं चिरतात. एकूण साडेतीन मीटर दोरा लागतो, पण एका वेळी मीटरभरच घ्या, नाहीतर गुंता सोडवण्यात रविवार जातो. एकाने शिवावं आणि दुसऱ्याने फर्मे उघडून द्यावेत. तेवढ्यात पुस्तकाचं एखादं पान मोठ्याने वाचूनही होतं.

पुढे-मागे एकेक दुपदरी कोरा कागद घडीलगत फक्त 3 मिमी रुंदीत खळ लावून जोडा. कण्यावर खळ, त्यावर दोन्ही बाजूंना अडीच सेंमी बाहेर राहील अशी मलमल, त्यावर पातळ हातकागद.

आता कव्हर. लग्नानंतर ओटीत आलेले खण आणि ब्लाउजपीस घरात पडून असतात. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण कव्हरला फार देखणा दिसतो. पण कापड थेट पुठ्ठ्यावर डकवलं तर गोंद विणीतून वर येतो आणि कायमचा काळपट डाग पडतो. आधी कापडाला कागदाचं अस्तर करायचं: कापड ओलं करून काचेवर उलटं, सुरकुत्या न ठेवता पसरा. पातळ पांढऱ्या कागदाला खळ लावा आणि दोघांनी चार कोपरे धरून मध्यापासून बाहेर टेकवत जा. रात्रभर तसंच वाळू द्या. रंग जातो का ते आधी तुकड्यावर बघा. लाल आणि जांभळा हमखास दगा देतात.

माप असं. पानांचा ठोकळा 14 × 21.5 सेंमी, जाडी 2 सेंमी धरू. पुठ्ठा 2 मिमीचा. दोन पुठ्ठे 13.6 × 22.1 सेंमी, कण्याची पट्टी 2.4 × 22.1 सेंमी (जाडीत दोन पुठ्ठ्यांची जाडी मिळवली), मधल्या खाचा 7 मिमी. चारी बाजूंना 1.8 सेंमी दुमड धरली तर कापड 34.6 × 25.7 सेंमी लागतं. खाच 7 ऐवजी 4 मिमी ठेवलीत तर कव्हर उघडताना पहिलं पान ओढून फाटतं, दहा ठेवलीत तर पुस्तक कव्हरात डुलतं. कापडाचे कोपरे पुठ्ठ्याच्या टोकापासून 3 मिमी सोडून तिरके कापा. अगदी टोकाशी कापलंत तर पुठ्ठा उघडा दिसतो.

पुठ्ठा आणि कागद, सगळ्यांचा ग्रेन, म्हणजे आतल्या धाग्यांची दिशा, कण्याला समांतर हवा. तो ओळखायला कागदाचा छोटा चौकोन एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती नळीसारखा गुंडाळतो ती ग्रेनची दिशा. पुठ्ठा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो तो वाकण्याचा अक्ष ग्रेनचा. हे चुकलं की कव्हर पापडासारखं वळतं, आणि मग कितीही वजन ठेवा, सरळ होत नाही. शेवटी मलमलीच्या पंखांसह कोरे कागद कव्हरला डकवा, मध्ये बेकिंगचा कागद घाला, खाचांत विणकामाच्या दोन सुया बसवा आणि चोवीस तास वजनाखाली ठेवा.

ठोकळा नीट आहे, फक्त कव्हर सैल झालंय, असं असेल तर यातलं काहीच नको. विणकामाच्या लांब सुईला पांढरा गोंद लावून ती कव्हर आणि कण्यामधल्या पोकळ खाचेत फिरवा, वरीलप्रमाणे सुया बसवून दाबा.

स्वयंपाकाचं पुस्तक

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 चं. त्या काळच्या प्रती आता अर्धशतक ओट्याशेजारी राहिलेल्या आहेत. असं पुस्तक स्वच्छ करण्याच्या भानगडीत फार पडू नका. ताज्या तेलाच्या डागावर टाल्कम पावडर टाकून टिपकागदात दाबलं तर बरंचसं तेल निघतं, जुनं मुरलेलं निघत नाही. हळदीचा डाग उन्हात उडतो हे खरं, पण कागदही पिवळा पडतो. तेलकट भागावर खळ धरत नाही, म्हणून पट्टी डागाबाहेरून न्या. फोडणी उडालेल्या पानावरूनच कळतं घरात काय वरचेवर होतं.

कपाट आणि कीड

कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच सेंमी पुढे ओढा. पुस्तकं इतकी कोंबू नका की काढताना कण्याचं वरचं टोक ओढावं लागेल. निम्मे कणे तिथूनच फाटतात. कसर दिसली तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता दिवसभर राहू द्या, नाहीतर दव आत धरतं. फ्रीजच्या छोट्या बर्फाच्या कप्प्यात इतकी थंडी मिळत नाही. वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, पण लागलेली कीड तिने जात नाही. डांबरगोळ्या झोपायच्या खोलीत नकोत. वाळवी दिसली तर पुस्तकांआधी भिंतीचा बंदोबस्त करा.

प्रत्येक दुरुस्त पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, आतल्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलने चार शब्द लिहून ठेवा: महिना-वर्ष, गव्हाची खळ की पांढरा गोंद, कुठला फर्मा सांधला, कुणी शिवलं आणि खण कुणाच्या ओटीतला. पुढे कुणाला उसवायचं झालं तर पाणी चालेल की नाही, हे त्याला तिथेच कळेल.